मोकळं नाव

१

मला ह्ये लिवायचं नव्हतं. चौथी नापास माणसाच्या हातात पेन द्यायचं आन म्हणायचं, सगळं पहिल्यापासनं लिवून काढा. ह्ये म्हंजे म्हशीला सायकल दिल्यासारखं झालं. पर घरात माझं ऐकतंय कोण? एकोणीस दिवस झालं, मी तोंडातनं शब्द काढला न्हाय. त्यामुळं माझी बायको धोंडुबाई, हिला जोर आलाय. पन्नास वर्सं जी बाई माझ्यापुढं मोठ्यानं बोलली न्हाय, तिनं काल वही आपटली.

"बोलत न्हाईसा तर लिवा तरी! का गप बसलाईसा त्ये कळू द्या की. गोठ्यातल्या म्हशीला इचारलं तर ती सुदीक कान हलवती."

तर लिवतो. शुद्धलेखनाच्या चुका काढायच्या न्हाईत. ज्याला काढायच्यात त्यानं हितंच वही मिटावी.

मी आण्णा पुकारेवाला. कोल्हापुरात पन्नाशीच्या पुढच्या कुणालाबी इचारा. रिक्षाला दोन भोंगे बांधून मी अडतीस वर्सं पेठांतनं पुकारा केला. सिनेमा, सर्कस, कुस्तीचं मैदान, उद्या नळाला पाणी येणार न्हाय, पोलिओचा डोस, हरवलेली पोरं, आन मयत. रिक्षा चालवायला ईरप्पा. गडहिंग्लजच्या पल्याडचा, निम्मं कानडी निम्मं मराठी बोलायचा. त्यो जाऊन नऊ वर्सं झाली. त्यो आसता तर मला वही लागली नसती.

मयताच्या पुकाऱ्याचा आमचा कायदा होता. त्यो आधी सांगतो, न्हाईतर पुढचं कळायचं न्हाय. घरचं माणूस चिठ्ठी देणार. चिठ्ठीत आसंल तेवढंच पुकारायचं. फेऱ्या तीन. तिसरी फेरी झाली की मयत उचलायची, त्याच्या आधी न्हाय. आन पुकारा चुकला, तर ज्यानं बाहेर सोडला त्यानंच परत घ्यायचा. त्याच गल्लीत उभं राहून, तीन डाव "चुकलं" म्हणायचं. दुसऱ्या कुणी म्हणून चालत न्हाय.

एवढा एकच कायदा मी जन्मात शिकलो. आन मोडलाबी त्योच.

२

वर्षाराणी माझी नात. ल्योकाची पोरगी. चार वर्सांची आसताना रिक्षात माझ्या मांडीवर बसून माईकमधी "हॅलो हॅलो, एक दोन तीन" म्हणायची, आन आख्खी गल्ली दारात येऊन हसायची. ह्या घरात माझ्या धंद्याचं कौतुक तिला एकटीला. म्हणून तिनं मागिटलं त्ये मी दिलं. दुसऱ्या कुणी मागिटलं आसतं तर पायताण दावलं आसतं.

गेल्या दिवाळीला म्हणाली, "आबा, तुमच्या पुकाऱ्याच्या गोष्टींचं पुस्तक काढूया."

"मला कुठला प्रकाशक दारात उभा करून घेतोय?"

"प्रकाशक लागतच न्हाय आता. आपलं आपणच काढायचं."

"आपलं आपण काढायची वस्तू एकच. नाकातला शेंबूड."

"आबा!"

"मग?"

"ऐका तरी. ज्याला पायजे त्यो मागवणार, तेवढंच छापणार. आन ज्याला वाचायचा कटाळा, त्यो कानानं ऐकणार. तुमच्या आवाजात. गावभर करायचं काम माझं."

तुमच्या आवाजात म्हणल्यावर मी पाघळलो. घसा कामातनं गेलेला न्हाय आजून. फक्त कुणी ऐकणारं उरलं नव्हतं.

दुपारी जेवण झालं की आतल्या खोलीत बसायचं. बाहेरचा गलका येऊ नये म्हणून तिनं खिडकीला, दाराला, कपाटाला गोधड्या बांधल्या. मला ती खोली पहिल्या दिवसापासनं आवडली न्हाय. भोंग्यावर बोलणाऱ्याला आपला आवाज पुढच्या गल्लीतनं परत येताना ऐकू येतोय. त्यावरनं त्याला कळतंय, आपण हाय. गोधड्यांच्या खोलीत काय परत यायचंच न्हाय. मी बोलायचो आन वाटायचं, कोणतरी माझं बोलणं तोंडाजवळच खाऊन टाकतंय.

"आबा, मोठ्यानं नको. भोंगा न्हाय त्यो. जवळ बसलेल्या माणसाला सांगताय आसं बोला."

"जवळ कोण हाय?"

"हाय आसं समजा की."

चौदा दुपारी बसलो. चौदा गोष्टी सांगिटल्या. एक सांगिटली न्हाय. ती मी धोंडुबाईलाबी सांगिटलेली नव्हती.

३

पुस्तक निघालं. "तीन फेऱ्या" आसं नाव ठेवलं. वर माझा फोटो, डोक्याला फेटा. मी जन्मात लग्नाशिवाय फेटा बांधला न्हाय. पर "लोकांना आवडतंय" म्हणाली. रंकाळ्यावर उभं करून माझ्याकडनं एकच वाक्य अकरा डाव म्हणून घेतलं. शेजारी एक भेळवाला उभा होता, त्यो म्हणाला, "मामा, पाठ झालं आसंल आता, मी म्हणू?"

पुकाऱ्यातलं मला कळतंय. त्यामुळं हिचं काम मी रोज बघायचो. ही रिक्षा घरात बसूनच फिरवती. पेज काय, रील काय, लिंक काय. मैत्रिणींना फोन करून "पाच चांदण्या दे की गं" म्हणायची. माझ्या रिक्षाला गल्ली संपायची, मग वळायला लागायचं, मग उसाचा रस प्यायचा. हिच्या रिक्षाला गल्लीच संपत न्हाय. रात सरली तरी पोरगी आपली बोटानं ढकलत्याय.

आन इतकं करून पुस्तक कोण घ्यायचं न्हाय. दोन महिने झालं. घेतलेल्यांत निम्मं पावणं-रावळं, त्यातलं एक वाचणारं न्हाय. पोरगी जेवीना झाली. मी म्हणलं, "आगं, सर्कशीचा पुकारा मी आठ दिस करायचो, तवा कुठं तंबू भरायचा. थांब."

"आबा, हितं आठ दिस कुणी थांबत न्हाय. तीन सेकंदात अंगठा वर सरकतोय."

मग चैत्रात एक दिवस ती पेढे घेऊन आली. पुस्तक चाललंय म्हणाली. धडाधड चाललंय. लोक ऐकत्यात, रडत्यात, एकमेकाला पाठवत्यात.

"आचानक काय झालं?"

"भावलं लोकांना," म्हणाली. पेढा माझ्या हातात ठेवला, पर तोंडाकडं बघितलं न्हाय. देवापुढं प्रसाद ठेवत्यात तसा ठेवला.

मी खाल्ला. गोड होता.

४

सकाळी गंगावेशीत कट्ट्यावर जाऊन म्हशीचं दूध प्यायचं, ही माझी तीस वर्सांची सवय. ताजं, फेसाचं. पेढ्यानंतर चार दिवसांनी तिथं गेलतो. शेजारी चाळिशीचा एक माणूस, कानात वायरी घालून उभा. त्यानं माझ्याकडं बघितलं आन त्याच्या हातातला गलास सुटला. दूध माझ्या पायावर सांडलं.

"पावणं, डोळं कुठं ठेवलाईसा?"

त्यानं कानातली वायर काढली. वायरीतनं बारीक आवाज येत होता. माझाच. सर्कशीतल्या हत्तीची गोष्ट.

"तुमी... आण्णा पुकारेवालं न्हवं?"

"व्हय. का?"

त्यानं हात जोडलं. पर जित्त्या माणसाला जोडत्यात तसं न्हाय. अडतीस वर्सं मयताच्या दारात उभा राहिलेला माणूस हाय मी, दोन्हीतला फरक मला कळतोय. नजर माझ्या तोंडावर नव्हती, पायावर होती. "न्हाय, म्हंजे... मी काल श्रद्धांजली लिवली की वो तुमाला," म्हणाला, आन पाय उचलून चालायला लागला.

दूधवाल्याच्या पोराकडनं पेज उघडून घेतलं. फेट्यातला त्योच फोटो, आता काळा-पांढरा केलेला. खाली लिवलेलं: कै. आण्णा पुकारेवाले. आपल्यातून जाण्याआधी त्यांनी सांगितलेल्या शेवटच्या चौदा गोष्टी. खाली हात जोडलेली चित्रं, हजारानं.

घरी आलो. वर्षाराणी दाराशी केस विंचरत बसलेली.

"ह्ये 'कै.' कुणी लावलं?"

तिचा कंगवा थांबला. "आबा, मार्केटिंग हाय त्ये."

"जित्त्या माणसाच्या नावामागं?"

"जित्त्या लेखकाला कोण इचारतंय? गेलेल्याला लोक पाठवत्यात पुढं. आन खोटं कुठं बोलली मी? 'मेले' आसं कुठंच लिवलं न्हाय. नुस्तं दोन अक्षरं लावली." मग जरा हळू म्हणाली, "नाव लई मोकळं दिसत होतं."

त्या वाक्याला मी खाली बसलो. उंबऱ्यावरच. का, त्ये पुढं येईल.

"काढून टाक."

"आता काढलं तर लोक शिव्या घालतील. सगळं बुडंल. पंधरा दिवस द्या मला. मग मीच टाकते, चमत्कार झाला म्हणून."

माझ्या मांडीवर बसून जिनं माईक धरायला शिकून घेतलं, तिनं मला मारून ठेवला होता, आन वर पेढा चारला होता. मी तिच्याशी बोलायचं सोडलं. तवा आजून मला वाटत होतं, न बोलणं ही शिक्षा मी तिला देतोय.

५

त्याच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी बाराच्या आसपास, मी सोप्यात पडलतो. धोंडुबाई परड्यात कपडे वाळत घालत होती. आतल्या खोलीचं दार बंद.

आधी कुईं झालं. भोंगा सुरू करताना होतंय तसं. आन मग आतनं माझा आवाज.

"ऐका मंडळी ऐका. आण्णा पुकारेवाले यांचे दुःखद निधन झाले आहे. अंत्ययात्रा राहत्या घरातून आज ठीक..."

ठीकच्या पुढं कायच न्हाय. चिठ्ठीत वेळ लिवायची राहिली की मी तसाच थांबायचो. आवंढा गिळायचो. तिथंबी आवंढा गिळलेला ऐकू आला.

दार उघडलं. खोलीत कुणी नव्हतं. गोधड्या होत्या तिथंच. टेबलावर वर्षाराणीचं मशीन, मिटलेलं. ती वरनं धावत आली.

"आबा, घाबरू नका. तुमच्या आवाजावरनं मशीन बोलायला शिकलंय. जाहिरातीला करून ठेवलंय मी. चालू झालं आसंल आपोआप."

"मयताचा पुकारा केलाईस माझा?" न बोलायचं ठरवलेलं त्ये मी इसरूनच गेलो.

"न्हाय वो! मी 'पुस्तक मागवा' एवढंच करून ठेवलंय."

"मग?"

"मशीन हाय आबा. चुकतंय कवा कवा."

मी काय अडाणी न्हाय. मशीन बोलतंय त्ये ठावं हाय मला. बँकेतबी बाई बोलत्याय फोनमधनं, ती काय जित्ती थोडीच हाय. मनाला समजावलं. पर अंथरुणावर परत पडलो तवा दोन गोष्टी काय केल्या बसंनात.

एक. "ऐका" आन "मंडळी" ह्याच्या मधी कोणतरी खोकलं होतं. त्यो खोकला मला ठावं होता. क्लच दाबताना ईरप्पा तसाच खोकायचा. मशीनला माझा आवाज वर्षाराणीनं शिकवला. ईरप्पा कुणी शिकवला?

दुसरी गोष्ट त्याच्यापेक्षा वाईट. त्यो आवाज घुमला होता. "निधन झाले आहे" ह्ये पुढच्या गल्लीला लागून परत आलं होतं. गोधड्यांच्या खोलीतनं.

६

आता ती पंधरावी गोष्ट.

साल अठ्ठ्याऐंशी. तालमीमागच्या गल्लीत जोतीराम नावाचा म्हातारा गेला. आमच्याकडं जोतिबाच्या नावाचं प्रत्येक गल्लीत दोन-चार निघत्यात. घरचं माणूस चिठ्ठी देऊन गेलं. चिठ्ठीत नुस्तं "जोतीराम, तालमीमागे". बापाचं नाव न्हाय, काय न्हाय. पहिली फेरी तशीच केली. पर पुकाऱ्याला वजन येईना. ऐकायलाच मोकळं मोकळं वाटत होतं. त्या गल्लीतला एक जोतीराम मला ठावं होता, जोतीराम महादू. मला वाटलं त्योच आसंल. दुसऱ्या फेरीला मी माझ्या मनानं बापाचं नाव लावलं.

मला कुणी सांगिटलं नव्हतं. मोकळं दिसत होतं, म्हणून लावलं.

दुसरी फेरी तालमीमागं पोचली, आन सलूनमधनं एक माणूस बाहेर आला. गळ्याला टॉवेल. अर्ध्या तोंडाची दाढी झालेली, अर्ध्या तोंडाला पांढरा फेस. रिक्षाच्या आडवा उभा राहिला.

"पावणं, जोतीराम महादू म्या हाय की. जित्ता हाय. चुकलं म्हणा."

गल्लीतली सगळी माणसं हसाय लागली. माईक चालू होता, त्ये हसणं भोंग्यातनं चार गल्ल्या ऐकू गेलं. तवर माझा पुकारा चुकल्याचं कुणी म्हणलं नव्हतं. माझी जीभ वळंना.

"मजकूर आला तसा पुकारला," मी म्हणलं.

"बरं. आता चुकलं म्हणा."

ईरप्पा मागं वळून म्हणाला, "आण्णा, म्हणून टाक मारायाऽ. तीन डाव म्हणायला जीभ झिजती व्हय?"

मी ईरप्पाला म्हणलं, "गाडी घे पुढं."

आन तिसरी फेरीबी केली. बापाच्या नावासकट. आता काढलं तर लोक हसतील, म्हणून.

फेरी संपवून परत आलो तर सलूनपुढं गर्दी. जोतीराम महादू खुर्चीवर बसलेला. मान मागं टाकलेली, तोंड आरशाकडं. अर्ध्या तोंडावरचा फेस वाळून पापुद्रा झालेला. न्हावी वस्तरा हातात धरून बाहेर उभा. म्हणत होता, "मी हात सुदीक लावला न्हाय, भोंगा ऐकत बसलतो."

लोक म्हणाले, हार्ट. आसंल. माणसाला हार्ट आसतंच की. ईरप्पानं त्या दिवशी रिक्षा घराकडं घेतली, आन तवापासनं क्लच दाबताना खोकायला लागला.

७

दुसरा पुकारा आठ दिवसांनी झाला. ह्यावेळी आतनं न्हाय, रस्त्यावरनं. बाराच वाजलं होतं.

"ऐका मंडळी ऐका. आण्णा ज्ञानू पुकारेवाले यांचे दुःखद निधन..."

ज्ञानू माझा बाप. पहिल्या फेरीत त्याचं नाव नव्हतं. दुसऱ्या फेरीला लावलं.

धोंडुबाई पिठाच्या हातानं बाहेर आली. "आवं, कोण गेलं? तुमच्यागतच आवाज हाय की ह्याचा. नवीन कुणी ठेवलाय व्हय?"

तिला नाव नीट ऐकू आलं नव्हतं. म्हंजे आवाज माझ्या एकट्याच्या डोक्यातला न्हाय. मी अनवाणी पळत कोपऱ्यापत्तूर गेलो. गल्लीत एक कुत्रं नव्हतं. हवेत नुस्ता निळा धूर, जुन्या रिक्षा सोडत्यात तसा.

घरी वर्षाराणी बॅग भरत होती. पुण्याला चालली होती, आपापलं पुस्तक काढणाऱ्या लोकांचा कायतरी मेळावा. त्यात हिला बोलायला बोलावलेलं, पुस्तक कसं चालवलं त्ये सांगायला. त्या दुपारनंतर पहिल्यांदाच मी तिच्याशी बोललो.

"चल. गल्लीत उभी राहा. तीन डाव चुकलं म्हण. तू सोडलाईस, तूच परत घे."

"काय सोडलं मी?"

"माझं मयत."

"आबा, गाडी चुकंल माझी."

"पोरी, दोन फेऱ्या झाल्यात. तिसरीनंतर उचलत्यात. मस्करी न्हाय ही."

ती माझ्याकडं बघतच राहिली. म्हातारं सटकलं, आसं बघणं त्ये. मग चिडून म्हणाली, "मी काय चुकलं म्हणू? मजकूर आला तसा टाकला."

तिनं ह्ये वाक्य कुठनं आणलं? चौदा गोष्टींत ह्ये नव्हतं.

"आला म्हंजे? कुणाकडनं आला?"

"एक वाचक हाय. पहिल्या दिवसापासनं पेजवर हाय, कुणी नव्हतं तवाबी त्यो ऐकायचा. त्यानंच सुचवलं, नाव मोकळं दिसतंय, 'कै.' लावा. तवापासनं मजकूर त्योच लिवून पाठवतोय. तुमची भाषा त्याला बरोब्बर येती, आबा. मला पावणं म्हणतोय."

"नाव काय?"

"नाव लावलेलं न्हाय. नुस्ता फोटो हाय."

तिनं फोन पुढं धरला. बोटाच्या पेराएवढा गोल फोटो. मला चष्म्याशिवाय नीट दिसत न्हाय. पर एवढं दिसलं, की तोंडाचा एक भाग माणसाच्या रंगाचा हाय आन एक भाग पांढरा.

"फिल्टर हाय त्यो," वर्षाराणी म्हणाली. "हल्ली लावत्यात तसं." आन फोन खिशात घालून, बॅग उचलून, माझ्या पाया न पडता गेली. पहिल्यांदाच.

८

ती म्हणत न्हाय, तर माझं माझ्याकडनं फेडावं म्हणलं. अठ्ठ्याऐंशीचा पुकारा मी सोडलेला, त्यो मी परत घ्यायचा. माळ्यावरनं हातात धरायचा बारका भोंगा काढला, सेल घातलं, आन दुसऱ्या दिवशी भर दुपारी तालमीमागं गेलो.

गल्ली वळखू येत न्हाय आता. सलूनच्या जागी मोबाईलचं दुकान. मोठी काच. आत एक पोरगी गिऱ्हाईकाला कव्हर दावत होती. जोतीराम जिथं आडवा आलता, तिथं मी उभा राहिलो. एक बाई वरनं वाकून म्हणाली, "काय हो मामा, पाणी येणार न्हाय काय उद्या?"

मी भोंगा तोंडाला लावला. मनात तयार होतं, चुकलं, चुकलं, चुकलं. सोपा शब्द हाय. बारक्या पोराला येतोय.

तोंड उघडलं.

"ऐका मंडळी ऐका."

मी बोललो न्हाय त्ये. देवाशपथ. घसा माझा, जीभ माझी, पर त्ये ओळखीचं सगळं आपोआप बाहेर पडाय लागलं, उतारावर रिक्षा सुटावी तसं. "आण्णा ज्ञानू पुकारेवाले यांचे दुःखद निधन झाले आहे." आन पुढच्या गल्लीतनं त्ये परत आलं. घुमून, भरून, माझ्या उमेदीच्या काळातलं.

तवाच समोरच्या काचेत मला दिसलं. माझ्या मागं रिक्षा उभी होती. वर दोन भोंगे. चालवणाऱ्याची नुस्ती पाठ, खांदे खोकल्यानं हलत होतं. मागच्या सीटवर कोणतरी बसलेलं, गळ्याला टॉवेल. अर्धं तोंड पांढरं. त्यानं हात लांब करून माईक माझ्याकडं धरला होता, सत्काराला आलेल्या पावण्याकडं धरत्यात तसा. चिडलेला दिसत न्हवता. वाट बघत होता.

"अंत्ययात्रा राहत्या घरातून आज ठीक..."

मी भोंगा टाकला आन दोन्ही हातांनी तोंड दाबलं. तळहाताला दात लागलं, रगत आलं. जिभेवर वेळ आलेली होती. किती वाजता त्ये मला कळलं होतं, आजून कळतंय. गिळली. मागं वळलो तर रस्त्यावर एक भाजीची गाडी, बाकी काय न्हाय. दुकानातली पोरगी पाणी घेऊन आली. "मामा, बसा. कुणाचं निधन झालं?"

मी मान हलवली. तवापासनं मी बोललो न्हाय.

९

तर धोंडुबाई, ह्ये आसं हाय. तुझ्यावर रागावलो न्हाय मी. तिसरी फेरी माझ्या दातांमागं बसल्याय. एक वेळ तेवढी सांगायची राहिल्याय. मी कायबी बोलायला तोंड उघडलं, चहा दे म्हणायला उघडलं, तरी पहिल्यांदा तीच बाहेर पडणार. जांभई आली तरी मी पदर दाबावा तसा टॉवेल दाबतो, तू बघितलाईस.

काल तू फोन माझ्या कानाला लावलास. पोरगी पुण्यातनं बोलत होती. दुसरी आवृत्ती निघाली म्हणाली. मग म्हणाली, "आबा, एक वाक्य बोला की. कायबी. लोक इचारायलेत, आवाज आजून ताजा पायजे म्हणत्यात. त्यो वाचकबी रोज इचारतोय, आबा कवा बोलणार." मी ऐकत राहिलो. ती हॅलो हॅलो म्हणाली. चार वर्सांची होती तवा म्हणायची तसंच. एक दोन तीन तेवढं राहिलं.

तिनं गल्लीत येऊन तीन डाव एक शब्द म्हणला, तर ह्ये सुटतंय. मी जोतीरामाचं म्हणायला गेलतो. माझं काम मी केलं, तोंडानं साथ दिली न्हाय. उशीर झाला आसंल. तिला आजून झालेला न्हाय. म्हणून ही वही तिला दाव. पेजवर घालायची न्हाय. नुस्ती दाव.

माझ्याकडं माफी मागायची जिची राहिल्याय, तिचं नाव शेवटाला लिवतो. पुढं बापाचं नाव लावायला हात शिवशिवतोय, आडनावबी. लावत न्हाय. एकदा लावलं त्ये पुरं झालं. मोकळं दिसंल. दिसू दे.

वर्षाराणी